जुना मालगुजारी वाडा विकत घेताना : नागपूर जिल्ह्यातल्या खरेदीची वाट, टप्प्याटप्प्याने

उमरेड, कुही, मौदा, रामटेक, सावनेर, काटोल, कुठल्याही बाजूला निघा. नागपूर जिल्ह्यातल्या जुन्या गावांत एखादा तरी सागवानी वाडा अजून उभा दिसतो. पुढे ओसरी, आत चौक, वर माडी, मागे कोठार आणि गुरांचा कोठा. मुलं नागपूर-पुण्याला नाहीतर परदेशात असतात, म्हातारी माणसं जातात आणि वाडा विक्रीला निघतो. त्याला दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक लाकूडवाला. त्याला जागेशी कर्तव्य नसतं. खांब, तुळया, दारं-चौकटी मोजून तो रोख देतो आणि आठवडाभरात घर उतरवून नेतो. दुसरं गिऱ्हाईक वाडा जसाच्या तसा ठेवून राहायला बघणारं. हे क्वचित येतं आणि आलं तरी कागदपत्रांत अडकून परत जातं. आपल्या भागातले कितीतरी वाडे असेच सागवानाच्या भावाने गेले आहेत. म्हणून हा लेख दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे. त्याने नीट तयारी करून यावं आणि वाडा त्याच्याच हाती जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिला टप्पा : नेमकं काय विकायला आहे, ते ठरवा

विकणारा हात फिरवून दाखवतो, "हे सगळं आपलंच." त्या 'सगळ्या'त वाडा, आवारातली विहीर, मागची वाडी, रस्त्यापलीकडचं कोठार आणि कधी गावाबाहेरचं शेतही असतं. कागदावर यातली प्रत्येक गोष्ट वेगळी असते.

वाडा गावठाणात असेल तर त्याला सातबारा नसतो. तिथे मालमत्ता पत्रक बघायचं. ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतं. खूप गावांत गावठाणाची मोजणीच झालेली नव्हती. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली, त्यानंतर ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत मालमत्ता पत्रकं तयार झाली. तुमच्या गावात ती झाली आहे का, आणि झाली असेल तर त्यात नावं कुणाची लागली, हे सगळ्यांत आधी पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे कर कुणाकडून घेतात एवढं कळतं, मालकी सिद्ध होत नाही. घरटॅक्सच्या पावत्यांचा गठ्ठा कुणी पुढे केला तर तो जरूर ठेवून घ्या, पण तेवढ्यावर व्यवहार करू नका.

मागची वाडी किंवा शेत सातबाऱ्यावर असेल तर वेगळा कायदा लागतो. विदर्भासाठी 1958 चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे आणि त्याच्या कलम 89 नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या किंवा तुमच्या घराण्याच्या नावावर शेती असल्याचा दाखला जवळ ठेवा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. रामटेक-पारशिवनीकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर नियम आणखी कडक आहेत. छोटा तुकडा असेल तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचं काय, तेही तहसीलमध्ये विचारा.

आता मालगुजारीची, म्हणजे इंग्रजी अमलात सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराकडे असलेल्या गावाच्या मालकीची गोष्ट, कारण या भागातल्या वाड्यांचे निम्मे घोळ तिथूनच येतात. 1950 मध्ये नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्या राज्याच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपवायचं ठरलं आणि 1951 मध्ये ते अमलात आलं. राहती घरं, त्यांच्याभोवतीचं बंदिस्त आवार आणि सीर-खुदकास्त, म्हणजे घरची स्वतः कसलेली शेती जुन्या मालकांकडे राहिली. पडीत, जंगल आणि गावच्या वहिवाटीचे तलाव सरकारजमा झाले. पण घरातल्या बोलण्यात ती जमीन पुढेही 'आपलीच' राहिली. म्हणून वाड्यालगतचं मोकळं मैदान, आमराई किंवा तलावाची पाळ दाखवली गेली, की 1954-55 चा अधिकार अभिलेख काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते. त्याच वेळी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जही मागून घ्या. गावकऱ्यांचे वाटेचे, पाण्याचे, गुरं चारण्याचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. आवारातून मागच्या वस्तीची वाट जात असेल, विहिरीवर गावचा हक्क असेल, तर खरेदीनंतर कुंपण घालून ते बंद करता येणार नाही. आणि गावात राहायला जाणाऱ्याने तसं करूही नये.

वाड्यात देऊळ असेल तर ते घरचं देवघर आहे की नोंदणीकृत न्यास, हे विचारा. न्यास असेल तर त्या जागेच्या विक्रीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

दुसरा टप्पा : सह्या किती लागतील, ते मोजा

वाड्याचं खरं दुखणं छपरापेक्षा वंशावळीत असतं. आजोबांच्या नावावरचं घर, त्यांना तीन मुलगे, दोन मुली, त्यातली एक मुलगी वारलेली, तिची मुलं भोपाळला. "बहिणींनी कधीच काही मागितलं नाही" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. कायद्यापुढे त्याला किंमत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून मुली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने सहदायक आहेत. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात हेही स्पष्ट केलं, की त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. वारलेल्या मुलीची मुलं आणि वारलेल्या मुलाची विधवा यांचेही हक्क धरायचे.

म्हणून कोऱ्या कागदावर वंशावळ काढा आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईंसमोर बसून ती पुरी करा. पुरुषांना आत्यांची नावं आठवत नाहीत, तिथे आजी सासरच्या गावासकट सगळं सांगतात. मग प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा : हयात की मयत, राहतात कुठे, विकायला राजी आहेत का. एकाही नावापुढे 'बघू' असं उत्तर आलं तर इसार देऊ नका.

सगळ्या वारसांनी विक्रीखतावर विकणारे म्हणून सही करणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घ्या. साध्या स्टॅम्पपेपरवरची संमती पुढे कोर्टात टिकत नाही. कुणी परदेशात असेल तर तिथे साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याचा स्वतंत्र हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ही कामं वकिलाचीच.

"मी माझा हिस्सा देतो, बाकीच्यांचं नंतर बघू" असं एखादा भाऊ म्हणाला तर मोहात पडू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. शिवाय वारसाहक्क कायद्याच्या कलम 22 खाली इतर वारस तो हिस्सा आधी स्वतः घेण्याचा हक्क सांगू शकतात. तुम्ही पैसे देऊन दाव्यात बसाल आणि वाडा कुलपात कुजेल.

वाड्यात कुणी राहत असेल, राखणदार, जुना सालगडी, पोस्टाला किंवा दवाखान्याला दिलेली खोली, तर त्यांच्याशी स्वतः बोला. ताबा कधी आणि कसा सोडणार, हे लेखी घ्या. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला चार पैसे आणि मुदत देऊन सन्मानाने मोकळं करण्याचा खर्च विकणाऱ्याने करायचा की तुम्ही, तेही आधीच ठरू द्या.

यानंतर वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. सूचना नागपूर आवृत्तीत तर द्याच, पण ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. हरकत घेणारा चुलता पुष्कळदा त्याच गावात असतो.

तिसरा टप्पा : गावावर कुठली रेघ गेली आहे का?

गाव खाण, धरण, जंगल किंवा विकास आराखड्याच्या रेषेत येतं का, हे तपासायचं काम एका दिवसात होतं, पण टाळू नका. उमरेड, सावनेर आणि कन्हान-गोंडेगाव पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा क्षेत्रासाठी 1957 चा वेगळा भूसंपादन कायदा आहे. गाव संपादनात आहे का विचारा, आणि नसलं तरी खुल्या खाणीतल्या सुरुंगांचे हादरे वाड्यापर्यंत येतात का ते दुपारी थांबून पाहा. कुही-भिवापूरकडे गोसीखुर्द धरणाच्या पाणफुगवट्याची आणि पुनर्वसनाची चौकशी करा. पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या जंगलांलगतच्या गावांत पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध असतात. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. रामटेक-मनसर भागात हे विशेष लक्षात ठेवा. गाव एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर विकास आराखड्यातला रस्ता वाड्यावरून जात नाही ना, हे नकाशावर स्वतः पाहा.

चौथा टप्पा : वाडा दोनदा पाहा, मे महिन्यात आणि ऑगस्टात

एका ऋतूत पाहिलेला वाडा अर्धाच पाहिलेला असतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. मे महिन्यात भिंतीला दिसलेली भेग ऑगस्टात मिटलेली असू शकते. अशी दरवर्षी उघडमीट करणारी भेग आणि एकदाच पडून थांबलेली भेग यांत फार फरक आहे. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा लावा, त्यावर तारीख लिहा. दुसऱ्या भेटीत पट्टा तडकलेला असेल तर पाया हलतो आहे. माडीच्या खिडकीतून ओळंबा सोडून भिंतीचं पोट सुटलंय का तेही बघा.

आत शिरल्यावर आधी खांबांच्या पायाशी बसा. जुन्या सुतारांनी सागाचा खांब दगडी उथळ्यावर ठेवला, तो जमिनीच्या ओलीपासून लाकूड दूर राहावं म्हणून. पुढे कुणीतरी शेणामातीची जमीन काढून कोबा केला, त्यावर फरशी, मग टाइल्स. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर आली आणि उथळा बुडाला. आता खांबाचं बूड सिमेंटच्या खळग्यात उभं आहे आणि फरशी धुतलेलं पाणी रोज तिथे मुरतं. वरून खांब तेल लावून चकचकीत दिसतो. बुडाशी टोचा दाबून पाहा. लाकूड टणक असेल तर टोक जेमतेम घुसतं, कुजलेलं असेल तर सहज आत जातं. मग खालून वर ठोकत जा. पोकळ आवाज कुठे थांबतो तिथे खडूने खूण करा. हातभर भाग गेला असेल तर घाबरायचं कारण नाही, चांगला सुतार खालचा तुकडा कापून नवीन सागाचा सांधा देतो. कमरेच्या वर गेला असेल तर वरची तुळई तपासल्याशिवाय पुढे बोलू नका.

उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या भिंत आणि लाकूड जिथे भेटतात तिथे शोधा. सागाचा आतला गाभा उधईला दाद देत नाही, पण बाहेरचं पांढरं लाकूड ती खाते, आणि छपराचे वासे तर पुष्कळदा सागाचे नसतातच. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात जास्त धोक्याचं, कारण ते दिसत नाही. त्या जागी भिंतीवर ओलीचा डाग असेल तर टोक सडलं असं धरून चाला.

छपरासाठी दुपारी माळ्यावर चढा आणि दिवा बंद ठेवा. कवेलूंतून (कौलांतून) जिथे उजेडाचे ठिपके दिसतात तिथे पाणी येतं. चौकाच्या चार कोपऱ्यांत दोन उतार मिळतात, तिथल्या पन्हाळी पहिल्यांदा गळतात. त्याखालचं लाकूड जरूर ठोकून पाहा. वानरांचा त्रास किती, हेही शेजारी विचारा. वानरं कवेलू फोडतात, दरवर्षी बदलायचा माल मिळत नाही आणि शेवटी लोक टिना (पत्रे) टाकतात, हा आपल्या गावांतला नेहमीचा क्रम आहे. टिना टाकलेल्या वाड्याची माडी 45 अंशांच्या उन्हात बसण्यालायक राहत नाही. पुन्हा कवेलू चढवायचे तर रिपांपासून काम काढावं लागेल, तो खर्च किमतीत धरा.

भिंतींना गुडघ्यापर्यंत लोणा (ओलीबरोबर वर आलेला खार) लागलेला दिसेल. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. नुकताच रंग दिलेल्या वाड्यापेक्षा, जिथे दरवर्षी कवेलू फेरले जातात आणि चूल पेटते असा साधा वाडा मला केव्हाही अधिक भरवशाचा वाटतो.

दोन जागा हमखास बघा. पहिली, कूलरची खिडकी. वर्षानुवर्षं उन्हाळाभर गळणाऱ्या पाण्याने त्याखालची चौकट आणि मातीची भिंत पोखरलेली असते. दुसरी, उंबरठा आणि बाहेरचा रस्ता यांची उंची. गावात सिमेंटचा रस्ता जुन्यावरच नवा होत जातो आणि वाडा खाली राहतो. समोरच्या ओट्यावर बसलेल्यांना विचारा, "काकाजी, मागच्या पावसात पाणी कुठवर आलं होतं?" उत्तर खरं मिळतं : "रस्ता झाला तेव्हापासून उंबरठ्याले लागते, भाऊ. पयले नव्हतं लागत." यावर नालीचा इलाज ग्रामपंचायतीकडून होऊ शकतो का, ते खरेदीच्या आधी सरपंचांशी बोलून घ्या.

विहीर मे महिन्यात मोजा. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात भूजल खोल गेलं आहे, तिथे ऑगस्टातलं भरलेलं पाणी पाहून निर्णय घेऊ नका. वायरिंग जुनं असेल तर ते सगळंच बदलायचं असं गृहीत धरा.

दुसऱ्या भेटीला जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला वास्तुविशारद किंवा अभियंता सोबत न्या. नागपुरात इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची शाखा आहे, व्हीएनआयटीत वास्तुशास्त्राचा विभाग आहे. तिथे विचारलं तर अशी माणसं सापडतात. फक्त स्लॅबची घरं बांधलेला अभियंता प्रत्येक मातीची भिंत पाडायला सांगेल. आणि त्याच तालुक्यातला एक म्हातारा सुतार शोधा. त्याच्या वडिलांनी हेच सांधे केलेले असण्याची शक्यता असते.

पाचवा टप्पा : भाव

विकणारा जागेचा भाव, बांधकामाचा भाव आणि सागवानाचा भाव तिन्ही जोडून सांगतो. हे चूक आहे आणि तसं आदराने सांगायला हरकत नाही. वाडा उभा ठेवायचा असेल तर त्यातलं लाकूड म्हणजेच बांधकाम. त्याचे पैसे दोनदा लागत नाहीत. जागेसाठी वार्षिक बाजारमूल्य दर (रेडी रेकनर) पाहा, बांधकामाच्या किमतीतून दुरुस्तीचा अंदाज वजा करा. दुरुस्तीचा अंदाज छप्पर, लाकूड, भिंती, पाणी-वीज असा वेगळा लिहून घ्या, आणि चौकटी उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी वर आणखी रक्कम बाजूला ठेवा. मंजूर नकाशा नसलेल्या गावठाणातल्या जुन्या घराला बँका सहज कर्ज देत नाहीत, म्हणून कर्ज मिळेलच असं धरून बोलणी करू नका.

घरच्यांच्या मनात लाकूडवाल्याचा आकडा असतो, तो विचारून घ्या. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर पुष्कळ कुटुंबं वाडा राहील या गोष्टीसाठी तुमच्याकडे झुकतात. वाडा पाहायला येताना त्यांचं बालपण कुठल्या खोलीत गेलं ते विचारा, आणि खरंच ऐका.

सहावा टप्पा : इसार आणि खरेदीखत

इसारपत्र नोंदणीकृत करा. रोखीचा आग्रह मान्य करू नका; स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्यावर रोख देणं-घेणं आयकर कायद्यात बसत नाही. इसाराआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घ्या आणि चतुःसीमा त्या नकाशाप्रमाणे लिहा.

इसारपत्राला एक परिशिष्ट हवंच हवं : वाड्यातल्या प्रत्येक खांबाचा, दाराचा, चौकटीचा, कोनाड्याचा, झुल्याच्या कड्यांचा क्रमांक घातलेला फोटो, आणि 'यातली कुठलीही वस्तू ताबा देईपर्यंत काढली जाणार नाही' असं कलम. इसार आणि खरेदी यांच्यामधल्या महिन्यांत कोरीव दरवाजा 'आठवण म्हणून' कुणा भावाकडे जातो आणि त्या जागी प्लायवूड लागतं. कुटुंबाला जे खरोखर हवं आहे, देव, पाळणा, जातं, ते आधीच यादीतून वगळून त्यांना द्या. वाड्यात जुनी दगडी मूर्ती निघाली तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, तिची नोंदणी आहे का विचारा. 100 वर्षांहून जुनी अशी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

मुद्रांक शुल्क गाव कुठल्या हद्दीत आहे त्यावर ठरतं, दुय्यम निबंधकांकडून आधी काढून घ्या.

सातवा टप्पा : ताबा मिळाल्यावरचं पहिलं वर्ष

सूची क्रमांक 2 (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) हातात येताच मालमत्ता पत्रकावर, नमुना 8 वर आणि सोबत शेतही घेतलं असेल तर सातबाऱ्यावर, सगळीकडे आपलं नाव लावायला अर्ज करा. एकावर लागलं म्हणजे बाकीकडे आपोआप लागत नाही. महावितरणचं मीटर नावावर करून घ्या.

कामाचा क्रम हा असा : आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग लाकूड, मग भिंती, शेवटी रंग आणि फरशी. मृग लागायच्या आत कवेलू फेरून, पन्हाळी साफ करून घ्या. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटू नका, मूळ काढून ती जागा चुन्याने भरा. संडास-न्हाणी वाड्याच्या मूळ भिंतीपासून सुटी बांधा. चुन्याचं काम पावसाळा सरल्यावर काढा, आणि कडक उन्हात गिलावा भराभर वाळू देऊ नका, ओली गोणपाटं टांगून ठेवा. बुडालेले उथळे मोकळे करायचे असतील तर टाइल्स आधी फक्त खांबांभोवती हातभर काढा, लाकूड एक उन्हाळा वाळू द्या आणि मग सुताराला बोलवा. ओल्या लाकडात दिलेला सांधा पुढे आकसून सैल होतो.